कुमार गंधर्व: कुठून सुरू करू? (आणि तुमच्याकडची गंमतजंमतही येऊ द्या)

रिकामी_मीनू
नमस्कार मंडळी, धागा काढायचं कारण म्हणजे एक रील. कुणीतरी लडाखला बाइकवरून गेलेला, मागे गाणं लावलेलं 'उड जायेगा हंस अकेला'. पोरगा काय दाखवत होता ते आठवत पण नाही, मी गाणंच शोधत बसले आणि आता तीन आठवडे झाले, ऑफिसला जाताना येताना तेच चालू आहे. लाजिरवाणी गोष्ट अशी की हे गाणं आमच्या घरात होतं. बाबांकडे कॅसेट होती, रविवारी सकाळी लावायचे आणि मी दहावीत असताना म्हणाले होते की हे काका मध्येच थांबतात का, टेप अडकतेय का. बाबा काही बोलले नव्हते, फक्त आवाज कमी केला होता. आता आठवलं की कसंतरी होतं.
तर प्रश्न असा, मला रागबिग कळत नाहीत, सा रे ग म च्या पुढे अंधार आहे. कुठून सुरू करू? नुसती यादी नको, का ऐकायचं ते पण लिहा. आणि त्यांच्याबद्दलचे किस्से, माहिती जे असेल ते येऊ द्या.

जुना_तंबोरा
स्वागत. टेप अडकतेय का हा प्रश्न भल्याभल्या जाणकारांनी जास्त सभ्य शब्दांत विचारलेला आहे, तेव्हा लाजू नका.
माझं मत, जे कानात आधीच आहे तिथून सुरू करा. 'उठी उठी गोपाळा' माहीत असेलच, आकाशवाणीवर सकाळी लागायचं. आणि 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी'. दोन्ही 'देव दीनाघरी धावला' नाटकातली, शब्द बाळ कोल्हटकरांचे, चाल वसंत देसाईंची. दुसरं द्वंद्वगीत आहे, त्यात बाईंचा आवाज कुणाचा ते न बघता ओळखा.

गोट्या_सातारकर
आशाबाई?

जुना_तंबोरा
नाही. वाणी जयराम.

गोट्या_सातारकर
आँ?? 'बोले रे पपीहरा' वाल्या? त्या तर तमिळ ना? लहानपणापासून ऐकतोय हे गाणं आणि आज कळतंय 😳

जुना_तंबोरा
त्याच. वसंत देसाईंनीच त्यांना पुढे आणलं. 'बोले रे पपीहरा' ज्यात आहे तो 'गुड्डी' सिनेमा १९७१ चा, पण त्याच्या आधी देसाईंनी त्यांच्याकडून हे मराठी गाणं गाऊन घेतलं होतं, आणि तेही थेट कुमारांबरोबर. नवीन मुलगी, मातृभाषा तमिळ, शेजारी कुमार गंधर्व, आणि मराठी उच्चार बघा, कुठे खडा लागत नाही. २०२३ ला पद्मभूषण जाहीर झालं आणि थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीत त्या गेल्या. तेव्हा सगळीकडे त्यांची हिंदी आणि दक्षिणेतली गाणी वाजली, आपल्याकडे या गाण्याची आठवण फार थोड्यांना झाली.

बेळगावची_सुमा
आमच्या गावचा माणूस आणि आम्हाला कुणी विचारायलंच नाही होय 😀 कुमार आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे. खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, घरात कन्नड. जन्म ८ एप्रिल १९२४. 'कुमार गंधर्व' ही पदवी, ती पण सात-आठ वर्षांच्या पोराला एका मठाच्या स्वामींनी दिलेली, तीच पुढं नाव होऊन बसली. लोक आडनाव गंधर्व समजतात ते बघून हसायला येतंय.
पोर म्हणे तबकडी ऐकायचं आणि जशीच्या तशी गाऊन दाखवायचं, म्हणजे गायक पण तोच, हरकत पण तीच, तबकडी संपताना गायक घाई करायचा ती घाई पण तीच.

रिकामी_मीनू
सुमाताई 😂 म्हणजे कन्नड घरातला मुलगा, मराठी नाट्यगीतं गाणार, हिंदी भजनं गाणार. आणि राहायला मध्य प्रदेशात. हे कसं काय जुळलं?

देवासचा_जावई
आता माझी पाळी. मी इंदूरचा, सासुरवाडी देवास, तेव्हा आमच्या मराठीत हिंदी डोकावलं तर सांभाळून घ्या.
१९३६ साली मुंबईत जिन्ना हॉलमध्ये संगीत परिषद झाली, तिथे हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि रातोरात नाव झालं. मग प्रो. बी. आर. देवधरांनी आपल्या ऑपेरा हाऊसजवळच्या शाळेत ठेवून घेतलं. देवधर म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण माणूस मोकळा, कुठलंही चांगलं गाणं असेल तर ते पोरांना ऐकवायचे. शिवाय गायिका अंजनीबाई मालपेकरांकडूनही कुमारजींना मिळालं. गोव्याकडच्या मंडळींनी हे नाव लक्षात ठेवावं.
मग १९४७ ला भानुमती कंसांशी लग्न, आणि लगेच क्षय. तेव्हा क्षय म्हणजे अर्धं मरणच. कोरडी हवा पाहिजे म्हणून देवासला आणलं. आता तारीख ऐका, ३० जानेवारी १९४८. ते देवासला पोहोचले त्या दिवशी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. पुढे १९६९ ला गांधी जन्मशताब्दीच्या वेळी याच माणसाने 'गांधी मल्हार' राग बांधला. मला कुणी विचारलं कुमारजींमधलं काय ऐकू तर मी आधी ही दोन सालं सांगतो आणि मग राग लावून देतो.
देवासला गेलात तर माताजीच्या टेकरीखाली त्यांचं घर आहे, 'भानुकुल'.

शंकेखोर
जावईबापू, छान लिहिलंय, पण पुढची कथा येणार 'एका फुप्फुसावर गायले' ही, म्हणून आधीच थोडं बोलतो.
आजार खरा, फुप्फुस निकामी झालं ते खरं, डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं तेही खरं, पाच-सहा वर्षं गेली त्यात. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतं मिळायला लागलं होतं, त्यामुळे वाचले. हे सगळं मान्य. पण त्यानंतर जे काही ते गायले त्या प्रत्येक गोष्टीचं कारण फुप्फुस, हे मला पटत नाही. लोक म्हणतात श्वास पुरत नव्हता म्हणून छोटे छोटे तुकडे गायचे. अरे बाबांनो श्वास नसलेला माणूस तशी तान मारेल का? अचानक वर जाते, चमकते आणि संपते. श्वास कमी असलेला माणूस सांभाळून गातो, हे तर अजिबात सांभाळून गात नाहीत. मीनूताई तुमच्या 'टेप अडकली'चं उत्तर यातच आहे, ते थांबतात तेव्हा तुमच्या कानात तो सूर चालू राहतो की नाही ते बघा.

डॉ_निवृत्त
शंकेखोर, तुम्ही फुप्फुसाला फारच कमी लेखताय. मी चाळीस वर्षं छातीचेच पेशंट बघितले. एक बाजू गेली की लांब आलापी करणं अवघड जातंच, यात काही कमीपणा नाही. त्यांनी त्या अडचणीतून स्वतःची वाट काढली असं म्हणा ना, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

शंकेखोर
डॉक्टरसाहेब मान्य, वाट काढली म्हणा. पण वाट कुठे नेली ते महत्त्वाचं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी काय ऐकलं? माळव्यातल्या बायकांची गाणी, जात्यावरची, लग्नातली, बाहेरून जाणारे जोगी. त्या गाण्यांत लांबलचक आलाप नसतोच, एक हाक असते आणि मग शांतता. त्या लोकधुनांच्या पोटात त्यांना राग सापडले, 'धुनउगम राग' म्हणतात त्यांना. 'मालवती', 'संजारी', 'लगनगंधार', 'सहेली तोडी', 'मधसुरजा'. श्वास भरपूर असता तर हे ऐकायला त्यांना वेळच मिळाला नसता कदाचित, मैफलीच करत फिरले असते. म्हणजे बघा, मी तुमच्याच बाजूला येऊन बसलो 😄

डॉ_निवृत्त
या, चहा टाकतो.

गंधर्वभक्त_नाना
सगळे टाळ्या वाजवताय म्हणून एक उलटा सूर लावतो. बालगंधर्वांची गाणी कुमारांनी गायलेली 'मला उमजलेले बालगंधर्व' ही रेकॉर्ड मी तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा अर्ध्यात बंद केली. नारायणरावांचं, म्हणजे बालगंधर्वांचं, गाणं म्हणजे लोण्यातून सुरी. तिथे हे कोपरे, हे झटके कशाला? आमच्या वडिलांनी नारायणरावांना प्रत्यक्ष ऐकलेलं, ते म्हणायचे, उमजलं असेल हो, पण आम्हाला नाही उमजलं.

जुना_तंबोरा
नाना, वडिलांचं वाक्य झकास आहे, त्याला उत्तर नाही. पण शीर्षक परत एकदा वाचा, 'मला' उमजलेले असं स्पष्ट लिहिलंय त्यांनी. लहानपणी हाच माणूस हुबेहूब नक्कल करायचा, सुमाताईंनी वर लिहिलंय. नक्कल करायची असती तर याच्याइतकी कुणाला जमली असती? येत असून केली नाही, याला माझ्या मते धाडस लागतं.

गंधर्वभक्त_नाना
चौथ्यांदा ऐकीन. आश्वासन नाही.

पळसवाडी_वर्धा
मले राग कळत नाही पण एक सांगतो. बागेश्रीमधली त्यांची बंदिश हाय, 'टेसूल बन फूले'. टेसू म्हणजे आपला पळस. आमच्याकडे फागुनात पळस फुलला की रस्त्याच्या दोन्ही बाजूनं आग लागल्यासारखं दिसते, पान एक नाही, नुसतं केशरी. मी नागपूरहून गाडीनं येत होतो, ही बंदिश लागली आणि बाहेर पळस, बाप्पा मी गाडी बाजूले घेतली. मीनूताई ही मार्चमध्ये ऐका, जून-जुलैत ऐकली तर मजा अर्धी.

देवासचा_जावई
क्या बात! ऋतूचं एकदम बरोबर. कुमारजींनी ऋतूंवरच पूर्ण कार्यक्रम बांधले होते, 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत', त्यात राग पण आणि माळवी लोकगीतं पण शेजारी शेजारी. पावसाळ्यात 'गीत वर्षा' लावा, बाहेर पाऊस पाहिजे, नसला तर थांबा.

कॅलिफोर्नियाचा_काका
इथे पाऊसच पडत नाही मंडळी, मी काय करू 😭

गोट्या_सातारकर
काका शॉवर चालू करा

रिकामी_मीनू
निर्गुणी, म्हणजे निराकार देवाच्या भजनांबद्दल कुणीतरी नीट लिहा ना, मी तिथूनच आले आहे. 'उड जायेगा' नंतर काय?

शंकेखोर
क्रम सांगतो, माझा वैयक्तिक. 'सुनता है गुरु ग्यानी', मग 'निर्भय निर्गुण गुण रे गाऊंगा', मग 'अवधूता गगन घटा गहरानी', मग 'हिरना समझ बूझ बन चरना'. 'निर्भय निर्गुण' मध्ये दुसरा आवाज वसुंधराताईंचा आहे, तो नुसता साथीला म्हणून ऐकू नका, एक सूर कुमार सोडतात आणि ताई तो हवेतच उचलतात, दोघांच्या मधली ती जागा ऐका. वसुंधरा कोमकली, त्यांच्या दुसऱ्या पत्नी, त्याही देवधरांच्याच शिष्या. भानुमतीबाई १९६१ मध्ये गेल्या.
या भजनांत तबला जवळजवळ काहीच करत नाही, ठेका धरून बसतो बिचारा. ते मुद्दाम आहे. शून्य गायचं म्हटल्यावर आजूबाजूला गर्दी चालत नाही.

देवासचा_जावई
आणि ती परंपरा तिथलीच आहे, नाथपंथीयांची. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. माळव्यात आजही गावोगाव रात्र रात्र कबीर गातात, तंबुरा, खडताल, ढोलक घेऊन. मीनूताई, एकदा प्रल्हादसिंह टिपानियांना ऐका आणि मग परत कुमारजींना. टिपानियाजी अंगणात बसून शेजाऱ्यांना सांगितल्यासारखं गातात. कुमारजी तेच घेऊन आत कुठेतरी निघून जातात. एक चांगलं दुसरं वाईट असं नाही हां.
शबनम विरमानींची 'कोई सुनता है' नावाची फिल्म याच विषयावर आहे, आणि जब्बार पटेलांची 'हंस अकेला' पण बघा.

स्वाती_ठाणे
एक प्रश्न. 'अजुनी रुसून आहे' पण कुमारांचंच ना? मला व्हॉट्सॅपवर दर दोन महिन्यांनी येतं की कवी अनिलांनी ते बायको गेल्यावर तिच्या पार्थिवाशेजारी बसून लिहिलं. दरवेळी रडू येतं.

जुना_तंबोरा
गाणं कुमारांचंच. बाकी गोष्ट खोटी. कुसुमावतीबाई गेल्या १९६१ मध्ये आणि कविता चाळीसच्या दशकातली आहे. रुसलेल्या बायकोवरचीच कविता आहे ती, जिवंत आणि चांगल्या रुसलेल्या. कुणीतरी फॉरवर्डात मरण घुसडलं आणि लोकांना ते जास्त आवडलं.

स्वाती_ठाणे
म्हणजे मी इतकी वर्षं फुकट रडले??

डॉ_निवृत्त
फुकट नाही, रडणं गाण्याचं होतं, फॉरवर्डाचं नाही. पण आता त्यातलं लाडीगोडीचं काय आहे ते ऐका, बायको रुसली की नवरा कसा गोंजारतो ते सगळं सुरात आहे. मी घरी प्रयोग केला, आमच्या हिने आवाज बंद करायला लावला.

बेळगावची_सुमा
😂😂 मधसुरजाची गोष्ट कुणी सांगायलं नाही अजून. 'बचा ले मोरी माँ' ही बंदिश. बळी द्यायला नेत असलेली बकरी बोलतेय, देवीला म्हणतेय मला वाचव, घरी माझं पिल्लू एकटं आहे. शास्त्रीय गाण्यात बकरी! आमच्याकडं यात्रेला बकरं न्यायचे ते लहानपणी बघितलेलं, गळ्यात हार, कपाळाला कुंकू, आणि ते आपलं हारातली फुलं खायला बघतंय. ही बंदिश मी एकदाच ऐकली पूर्ण. चांगली आहे म्हणूनच दुसऱ्यांदा लावायला हात होत नाही.

गंधर्वभक्त_नाना
हे मला माहीत नव्हतं. बकरीची बंदिश. ऐकतो.

कॅलिफोर्नियाचा_काका
माझी एक शिफारस, नंद रागातली 'राजन अब तो आजा रे', बंदिश त्यांचीच. मला पण राग ओळखता येत नाहीत, इंजिनिअर माणूस, पण ही ऐकताना कळतं की कुणीतरी दारात उभं आहे. मुलगी इथे जन्मलेली, तिला मराठीच जेमतेम, तिने विचारलं हे कुणाला बोलावतायत? म्हटलं बघ तुला भाषा न कळता कळलं. आणि 'शंकरा'मधलं 'सिर पे धरी गंग' गाडीत लावू नका, स्पीड वाढतो, मला तिकीट मिळालंय एकदा.

पळसवाडी_वर्धा
पुढच्या पिढीतलं काय ऐकावं? त्यांचा मुलगा गाते ना?

जुना_तंबोरा
मुकुल शिवपुत्र. त्यांचं गाणं मिळेल तिथून मिळवा, कधी कुठे गातील सांगता येत नाही पण गायले की दुसरं काही नको. मुलगी कलापिनी आणि नातू भुवनेश, म्हणजे मुकुलांचा मुलगा, हे दोघे देवासचं घर आणि गाणं सांभाळून आहेत. शिष्यांमध्ये सत्यशील देशपांडे, विजय सरदेशमुख, मधुप मुद्गल. सत्यशीलांचं गाणं तर ऐकाच पण बोलणं त्याहून ऐका, कुमारांनी एखादी जागा का घेतली ते गाऊन दाखवत सांगतात.

अवांतर: सध्या सगळ्यांच्या नावापुढे 'जी' लावतात, पुण्यात जुनी माणसं नुसतं 'कुमार' म्हणायची, जसा काही आतेभाऊ. 'काल कुमार काय गायला!' असं. अपमान नव्हता त्यात.

देवासचा_जावई
आमच्याकडे असं म्हटलं तर सासरे घराबाहेर काढतील 🙏

रिकामी_मीनू
दहा-बारा दिवसांनी येतेय, कारण खरंच ऐकत होते. अहवाल असा.
'उठी उठी गोपाळा' सकाळी लावलं, आई स्वयंपाकघरातून बरोबर म्हणायला लागली, तिला सगळी कडवी पाठ. 'ऋणानुबंधाच्या'त वाणीताई ओळखू आल्या नसत्या कधीच. बकरीचं अर्धं ऐकलं, सुमाताई तुमचं बरोबर आहे. गांधी मल्हार कळला नाही, परत प्रयत्न करीन. टेसूल मार्चसाठी ठेवलंय, कॅलेंडरला रिमाइंडर लावलाय, हसू नका.
आणि शंकेखोर, तुम्ही सांगितलं तसं थांबण्याच्या जागा ऐकल्या. 'अवधूता' मध्ये ते थांबतात तेव्हा मागे तंबोरे किती भरून राहिलेत ते आधी कधी लक्षातच आलं नव्हतं, मला वाटायचं ते नुसतं गुणगुण बॅकग्राउंड आहे.
बाबांची कॅसेट माळ्यावर सापडली. १९९२ च्या जानेवारीतलं वर्तमानपत्राचं कात्रण तिच्या डबीत घडी करून ठेवलेलं, कुमार गेल्याची बातमी, १२ तारखेला गेले. टेपरेकॉर्डर मात्र नाही घरात. कुणाकडे चालू स्थितीतला असेल, ठाणे-मुलुंड बाजूला, तर विपु (विचारपूस) करा. बाबांचा वाढदिवस पुढच्या रविवारी आहे.

स्वाती_ठाणे
माझ्याकडे आहे, दोन कप्प्यांचा. एक बाजू चालते. विपु केलीय.

गंधर्वभक्त_नाना
चौथ्यांदा ऐकली. पूर्ण ऐकली. अजून मत बदललेलं नाही, पण बंद केली नाही हे नोंदवतो.